वाचकांचे प्रश्न : नथ, पैठणी आणि पडद्यावरचं मराठीपण

या वेळी बडोद्याहून आलेल्या पत्रांचा रोख बराचसा एकच होता. टीव्ही, फोन आणि बाजार आपल्याला कोण बनवत आहेत? त्यांतली पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : पाडव्याला आमच्या सोसायटीतल्या मुली शिवलेली नऊवारी, भली मोठी नथ आणि चंद्रकोर लावून फोटो काढतात. आमच्या घरच्या बायका असं कधी नटल्या नव्हत्या. हे आपलं आहे की टीव्हीने दिलेलं? (एक आजोबा, दांडिया बाजार)

उत्तर : बरंचसं टीव्हीने दिलेलं आहे. पण तेवढ्यावरून ते खोटं ठरवायची घाई नको. तुमच्या देवघरावरची लक्ष्मीसुद्धा छापखान्यातूनच आलेली असण्याचा संभव मोठा आहे.

ही गोष्ट बडोद्यातच सुरू होते. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून पौराणिक प्रसंगांची १४ चित्रं काढून घेतली. ती १८९० च्या सुमारास पुरी झाली आणि लोकांना पाहायला ठेवली तेव्हा गर्दी लोटली. १८९४ साली रविवर्म्याने मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. दगडी शिळेवर, प्रत्येक रंगाला वेगळी शिळा वापरून ही चित्रं छापली जात. तोवर देवीचं रूप गावागावाच्या मूर्तिकाराप्रमाणे आणि चित्रकाराप्रमाणे बदलत असे. या छापांनी साडीतली, माणसासारख्या चेहऱ्याची एकच लक्ष्मी आणि एकच सरस्वती घरोघर नेली. मग तीच कॅलेंडरवर, काडेपेटीवर आणि कापडाच्या ठाणांच्या लेबलांवर आली. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले आणि या छापखान्याचंही काम केलेले दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये मूकपट पडद्यावर आणला. आपण देवांना ज्या रूपात ओळखतो ते रूप अशा रीतीने विकत घेता येणाऱ्या वस्तूंमधून पक्कं झालं. त्यामुळे कोणाची भक्ती उणी झाली नाही.

मालिकांचं तंत्र याच जातीचं, फक्त वेग जास्त. १९९९ नंतर मराठी उपग्रह वाहिन्या महाराष्ट्राबाहेरच्या घरांतही आल्या. पात्र मराठी आहे हे प्रेक्षकाला पाहताक्षणी कळायला हवं, म्हणून वेशभूषा करणारे पाच-सहा ठळक खुणा धरून बसतात : नथ, चंद्रकोर, हिरवा चुडा, खणाचं पोलकं, पैठणी. कोकण, वऱ्हाड, खानदेश यांचे फरक त्यात बसत नाहीत आणि बडोदं तर मुळीच बसत नाही. मग दुकानं त्याच खुणा संच करून विकतात. (ज्या खणावर एवढा जीव टाकला जातो तो विणला जातो कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला.)

आमच्या मते खरं नुकसान वेगळंच आहे. जे या संचात नाही ते मुलांना मराठी वाटेनासं होतं. घरातला चंदेरी शालू, सुरती जर, गुजरातीच्या वळणाने जाणारी आपली बोली, एकाच नवरात्रात घट आणि गरबा दोन्ही, हे सगळं बडोदेकर मराठी माणसाचं आहे आणि कोणत्याही मालिकेत दिसत नाही. नातींना टोकण्यापेक्षा एक करा. १९८० पूर्वीचे घरातल्या लग्नांचे दहा फोटो काढा आणि २००५ नंतरचे दहा. प्रत्येकासाठी साडीचा प्रकार, नाकातला दागिना, पुरुषांच्या डोक्यावर काय आणि पत्रिकेची भाषा, एवढंच कागदावर लिहा. जुन्या फोटोंतली साडी कोणाची आणि कुठून आणली हे त्या-त्या व्यक्तीकडून आजच विचारून घ्या, आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनने लिहिलं तर खळगे पुढच्या बाजूला उमटतात.

प्रश्न : आमच्याकडे पणजीच्या वेळची सरस्वतीची तसबीर आहे. साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या आहेत. एक जण म्हणतो, रविवर्मा प्रेसचा अस्सल छाप आहे, मला द्या. कसं ओळखायचं? (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि गालाचा किंवा आकाशाचा भाग पाहा. शिळाछापात रंगाचे कण वेडेवाकडे, रवाळ दिसतात. हल्लीच्या ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके शिस्तीत, फुलासारखी नक्षी करत बसलेले असतात. तसे ठिपके दिसले तर तो मागाहून काढलेला छाप आहे. जुन्या छापांवर बहुधा वॉर्निश असतं, कधी कॅनव्हाससारखी खरबरीत दाब-नक्षीही. खालच्या कडेला प्रेसचं नाव असतं, पण चौकटीत बसवताना ती पट्टी पुष्कळदा कापली गेलेली असते. म्हणून नाव नाही यावरून काही ठरत नाही. नाव आहे यावरूनही नाही, कारण नक्कल करणारा तेही छापतो.

जर आणि टिकल्या काढू नका. 'स्वच्छ केलं तर भाव वाढेल' असं कोणी सांगितलं तरी नाही. बाजारातून आलेला छाप घरातल्या बाईने आपल्या हाताने सजवला आणि आपल्या देवघराचा केला, याचा एवढा उघड पुरावा दुसरा मिळायचा नाही.

काच आणि चित्र एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका, रंग काचेबरोबर येतो. ओलं फडकं लावू नका. मागे साधा पुठ्ठा, प्लाय किंवा वर्तमानपत्र असेल तर त्यातल्या आम्लाने कागद तपकिरी पडतो आणि ठिसूळ होतो. आम्लरहित पुठ्ठा घाला, आणि काच व चित्र यांत तीन-चार मिलिमीटर अंतर राहील असा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची कड, लावा. चौकटीच्या मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की भिंतीची ओल थेट लागत नाही. उदबत्तीच्या धुराच्या वर आणि उन्हाच्या झोतात टांगू नका. विकायचा विचार करण्याआधी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या म्युझिऑलॉजी विभागात जाऊन विचारा.

प्रश्न : सेव-उसळ मराठी की गुजराती? घरात वाद आहे. (कारेलीबाग)

उत्तर : उसळ आपली, वरची भरघोस सेव गुजरातची, आणि दोन्ही एका बशीत येण्याची जागा बडोदं. पांढरे वाटाणे, झणझणीत तर्री आणि लसणाची चटणी एवढं जमलं की वाद बशीपुरताच राहील.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची. नवरात्रात नऊ रात्रींना नऊ चणियाचोळ्या हव्यात, एकदा फोटोत आलेली परत घालायची नाही. फोन काढून घेतला तर रडारड. काय करावं? (आई, मांजलपूर)

उत्तर : फोन काढून घेतल्याने मागणी जात नाही, कारण ती आता मैत्रिणींच्या बोलण्यात शिरलेली आहे. त्यापेक्षा ती कशी तयार होते हे मुलीला दिसू द्या. आपण एखाद्या व्हिडिओवर किती सेकंद थांबलो, तो पुन्हा पाहिला का, सेव्ह केला का, कोणाला पाठवला का, यावरून पुढचे व्हिडिओ येतात. चार दिवस चोळ्या पाहिल्या की पाचव्या दिवशी जगात सगळ्यांकडे नऊ चोळ्या आहेत असं वाटू लागतं.

तिच्या शेजारी बसून पंधरा मिनिटं रील पाहा. कागदावर चार रकाने करा : कोण बोलतंय, काय विकतंय, जाहिरात असल्याचं सांगितलंय का, पाहून मला काय हवंसं वाटलं. लिहिणारी ती, तुम्ही फक्त बसा आणि शेरे मारू नका. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांनुसार फुकट वस्तू किंवा पैसे घेणाऱ्याने ते व्हिडिओतच स्पष्ट सांगायचं असतं, खाली हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नसतं. तिसरा रकाना किती रिकामा राहतो ते ती स्वतःच पाहील. मग सेटिंगमध्ये जाऊन जाहिरातींच्या विषयांतून 'कपडे' कमी करा आणि नको त्या रीलवर 'नॉट इंटरेस्टेड' दाबा. हे दोन-तीन आठवडे चालू ठेवावं लागतं. एकदा करून सोडलं तर फीड मूळपदावर येतं.

पोशाखाचं गणितही तिच्यावर सोपवा. दोन घागरे, तीन चोळ्या आणि तीन ओढण्या घेतल्या तर अठरा जोड्या होतात. घागरे एकरंगी आणि ओढण्या भरतकामाच्या घेतल्या तरच हे जमतं, सगळंच भरगच्च घेतलं तर एकमेकांवर खुलत नाही. तिला एकदा विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागाचा गरबाही दाखवून आणा. तिथला पारंपरिक बाज पाहण्यासारखा आहे.

प्रश्न : 'फक्त २ उरल्या' असं पाहून घाईने ऑनलाइन पैठणी मागवली, २,८०० रुपये. आली ती यंत्रमागाची. परतही घेत नाहीत. (एक वाचक, अलकापुरी)

उत्तर : आधी साडी तपासा. पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत मोर-मुनिया मागूनही पुढच्याइतकेच स्वच्छ दिसतात, लोंबते किंवा कापलेले धागे नसतात. पदराच्या टोकाचे चार-पाच धागे चिमट्यात धरून जाळा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरडते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. दोन-तीन हजारांत हातमागाची रेशमी पैठणी मिळत नाही, हे पुढच्या वेळेसाठी.

आता तक्रार. खोटी घाई लावणं हा केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवलेल्या १३ फसव्या युक्त्यांपैकी एक प्रकार आहे. वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच घ्या. त्यात 'हँडलूम' किंवा 'प्युअर सिल्क' हे शब्द दिसायला हवेत, कारण वर्णन मागाहून बदललं जातं. त्यासोबत बिल, पदराच्या उलट बाजूचा फोटो आणि पार्सलवरचं लेबल ठेवा. संकेतस्थळावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव असतं, त्याला लेखी कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा आणि मिळालेला तक्रार क्रमांक बिलावरच लिहून ठेवा.