फोर्स्ड एअर हीटिंग नेमकं कसं चालतं? रिकाम्या खोल्यांत गरम हवा सोडणाऱ्या जाळ्या बंद ठेवल्या तर गॅस वाचतो का?

नाही वाचत. दुसरा भाग आधी घेतला, कारण याच एका मुद्द्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं सात हिवाळे वाजतंय.

पहिला भाग उरकते. थर्मोस्टॅटनं ऊब मागितली की फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी, लगेच पेटत नाही. आधी एक छोटा पंखा धुराच्या वाटेनं हवा ओढतो. ती वाट मोकळी आहे अशी प्रेशर स्विचची खात्री पटली की इग्नायटर लाल होतो, मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. ज्योत खरंच लागली का, हे बघायला एक बारीक सळई ज्योतीतच उभी असते. तिला ज्योत कळली नाही तर काही सेकंदांत गॅस बंद. जाळ असतो हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे धातूच्या पोकळ कप्प्यांच्या आत, आणि घरातली हवा जाते त्यांच्या बाहेरून. धूर आणि तुमचा श्वास यांच्यामध्ये फक्त तो पत्रा. पत्रा तापायला अर्धं-एक मिनिट मिळालं की मोठा ब्लोअर सुरू होतो आणि साधारण 45-50 अंशांची हवा डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळांमधून, खोल्यांत ढकलतो. तीच हवा रिटर्नच्या जाळीतून, फिल्टरमधून गाळून परत खाली येते. जेवढी हवा खोलीत घातली तेवढी बाहेर यायला वाट हवी, हे फार कमी लोकांच्या लक्षात असतं.

आता दादा. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे राहत होते. वरच्या दोन खोल्या कुणी वापरत नव्हतं. दादानं तिथल्या आणि तळघरातल्या मिळून सहा जाळ्या बंद केल्या. म्हणाला, "रिकाम्या भिंतींना ऊब देऊन काय मिळणार?" ऐकायला पटतं. दिव्याचं असंच असतं ना, खोलीत कुणी नसेल तर बंद करावा. पण फर्नेस म्हणजे दिवा नव्हे.

जानेवारीतली रात्र, बाहेर उणे अठरा. फर्नेस पेटायची, तीन-चार मिनिटांत विझायची, ब्लोअर मात्र चालूच. थोड्या वेळानं परत पेटायची, परत विझायची. घर अठरा अंशांवर आलं. वहिनी घरात कोट घालून बसलेली आणि दादानं काय करावं? थर्मोस्टॅट एकवीसवरून पंचवीसवर नेला. (यानं साध्या फर्नेसमध्ये घर लवकर तापत नाही. किती वेळ जळायचं ते बदलतं, जाळ मोठा होत नाही. हे ज्याला पटत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. दादाशी घालते.)

मी टॉर्च घेऊन खाली गेले. फर्नेसच्या दाराला काचेचं छोटं भोक असतं, त्यातून सर्किट बोर्डावरचा दिवा दिसतो. चार वेळा लुकलुके, थांबे, परत चार. दार काढलं की सुरक्षेचा स्विच वीज तोडतो, म्हणून आधी नीट मोजून घेतलं, मग दार काढून आतल्या बाजूचा तक्ता वाचला. चार म्हणजे हाय लिमिट. पुरेशी हवा फिरत नव्हती, त्यामुळे एक्स्चेंजर प्रमाणाबाहेर तापत होता आणि लिमिट स्विच गॅस तोडत होता. गॅस तुटला तरी ब्लोअर चालू राहतो तो साठलेली धग काढून टाकायला. मी वर जाऊन सहाही जाळ्या उघडल्या. तासाभरात फर्नेस सरळ चालायला लागली.

सकाळी तंत्रज्ञ आला, डक्टला दोन भोकं पाडून मॅनोमीटरनं दाब मोजला आणि जाळ्या उघड्या ठेवा म्हणाला. मी दादाकडे बघितलं. तेवढ्यात तो तंत्रज्ञ फिल्टर ओढून काढत म्हणाला, हा कुणी बसवला?

मीच बसवला होता. धुळीनं शिंका यायच्या म्हणून एक इंच जाडीचा, मर्व्ह 13 चा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याचं माप). इतक्या कमी जाडीत इतकी बारीक जाळी ब्लोअरला ओढायला जड जाते. दोष निम्मा माझा, हे कबूल.

पण दादाच्या लेखी दोष पूर्ण माझाच. त्यानं साधा फिल्टर बसवला, सहाही जाळ्या परत बंद केल्या, लिमिट पडला नाही आणि त्यानं विजय जाहीर केला. अरे, लिमिट पडला नाही म्हणजे गॅस वाचला असं कुठं असतं? एकाच ठरलेल्या जाळावर चालणारी साधी फर्नेस तुम्ही दहा जाळ्या उघड्या ठेवा नाहीतर चार, मिनिटाला तेवढाच गॅस घेते. अडवलेल्या हवेनं डक्टमधला दाब वाढतो, आणि डक्टच्या सांध्यांतून आधीच गळत असतं ते आणखी गळतं. शिवाय घरातल्या आतल्या भिंतींमध्ये सहसा इन्सुलेशन नसतं, म्हणून शेजारच्या खोलीची ऊब त्या थंड खोलीत जातच राहते. वर त्या खोलीच्या खिडक्यांवर पाणी धरतं, कोपऱ्यात बुरशी. दादानं पुढचं बिल दाखवलं, कमी आलं होतं. तो महिनाही उबदार होता, ते त्यानं दाखवलं नाही.

आता थोडं हात आखडून. एखादी जाळी अर्धवट वळवली तर काही बिघडत नाही. मोटर लावलेल्या डॅम्परचे, म्हणजे डक्टमधल्या झडपांचे, वेगळे झोन मुळातच आखलेले असतील तर ती गोष्टच निराळी. त्याच डक्टवर हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब घरात आणणारं यंत्र) असेल तर मात्र जाळ्या बंद करणं आणखी वाईट. आणि वारंवार तापून एक्स्चेंजरला चीर गेली तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं. झोपण्याच्या मजल्यावर त्याचा अलार्म नसेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी तो लावा.

तुमची एखादी खोली थंड राहत असेल तर आधी तिचं दार रात्री उघडं ठेवून बघा. रिटर्न बाहेरच्या बोळात असेल आणि दाराखाली फट नसेल, तर बंद खोलीत हवा नीट शिरत नाही. मग फिल्टर. मग जाळ्या, एकेक हातानं तपासून. मागच्या महिन्यात दादाकडे गेले होते, वरच्या खोलीतलं कपाट सरकवलं तर मागची जाळी बंदच होती. तो म्हणतो, आपोआप बंद झाली.