क्रोम डीफॉल्ट केल्यावरही विंडोज ११ मध्ये पीडीएफ फाइल एजमध्येच का उघडते?

विंडोज ११ मध्ये वेब लिंक आणि पीडीएफ फाइल यांच्यासाठी डीफॉल्ट प्रोग्रॅम स्वतंत्रपणे ठरवावा लागतो आणि आपण बहुधा त्यांपैकी फक्त लिंकचा बदलला आहे. ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘डीफॉल्ट ॲप्स’ या मार्गाने जाऊन क्रोमसाठी ‘सेट डीफॉल्ट’ बटण दाबले, की एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि एचटीएमएल हे वेबचे प्रकार क्रोमकडे जातात (२०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा हे बटणही नव्हते, प्रत्येक प्रकार एकेक करून बदलावा लागे). पीडीएफ मात्र एजकडेच राहते. ती बदलण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कोणत्याही पीडीएफवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून ‘चूज अनदर ॲप’ निवडावे, हवा तो प्रोग्रॅम निवडावा आणि ‘जस्ट वन्स’ऐवजी ‘ऑलवेज’ दाबावे. घाईत बहुतेकांची चूक होते ती नेमकी या शेवटच्या बटणावर. विंडोज ८ पासून ही निवड रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या डेटाबेसमधील) ‘यूजरचॉइस’ या नोंदीत पडताळणीच्या हॅशसह (निवडीवरून काढलेल्या खास कोडसह) साठवली जाते, जेणेकरून एखाद्या प्रोग्रॅमने वापरकर्त्याला न विचारता ती परस्पर बदलू नये; म्हणूनच अनेक प्रोग्रॅममधील ‘मला डीफॉल्ट करा’ हे बटण आपल्याला केवळ सेटिंग्जच्या पानापर्यंत नेऊन सोडते. मात्र भारतात टास्कबारवरील सर्च आणि विजेट्समधील लिंक या निवडीला जुमानत नाहीत आणि एजमध्येच उघडतात.