मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने इजिप्तची प्राचीन लिपी खरंच वाचली होती का?

माझ्या मते नाही, आणि याचा पुरावा बऱ्यापैकी सरळ आहे. १८३५ मध्ये ओहायोतल्या कर्टलंडला एक माणूस ममी आणि पपायरस (इजिप्तचा प्राचीन कागद) दाखवत आला, स्मिथ आणि मंडळींनी ते २४०० डॉलरला घेतले (त्या काळात केवढी रक्कम!) आणि स्मिथ म्हणाला यात बायबलमधल्या अब्राहमने स्वतःच्या हाताने लिहिलंय, त्याने केलेलं भाषांतर १८४२ ला छापलं. मग मूळ कागद शिकागोच्या आगीत जळाले असं सगळे धरून चालले होते, तर १९६६ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये काही तुकडे सापडले ना! तज्ज्ञांनी वाचलं तर होर नावाच्या पुजाऱ्याच्या अंत्यविधीचा मजकूर, अब्राहमच्या काळानंतर हजारभर वर्षांहून जास्त उशिराचा, अब्राहमचं नावही नाही. छापलेल्या एका चित्रात तर स्मिथ ज्याला फारो (इजिप्तचा राजा) म्हणतो ती चक्क इसिस देवी आहे, डोक्यावरच्या अक्षरांत तसं लिहिलंय.

मॉर्मन चर्चनेही २०१४ मध्ये मान्य केलं की तुकड्यांवरची अक्षरं भाषांतराशी जुळत नाहीत, पण त्यांचं म्हणणं मूळ भाग हरवला असेल किंवा पपायरस फक्त निमित्त, बाकी सगळं ईश्वरी प्रेरणेने आलं. आता प्रेरणा म्हटल्यावर तपासणार कसं, सांगा.