रेझिनचा पायपर कब जोडताना

१:४८ प्रमाणातला पायपर जे-३ कब, म्हणजे या छोट्या विमानाचे मॉडेल, हे तुमचे पहिलेच रेझिन किट (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेच्या सुट्या भागांचा संच) असेल, तर जोडणीपूर्वीच्या कामाला सर्वाधिक वेळ द्यावा. साच्यातून भाग सहज सुटावेत म्हणून लावलेल्या तेलकट थरावर रंग धरत नाही, त्यामुळे ते कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशने घासावेत. पॉलिशपेपर ओला करूनच चालवावा, कारण रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते. मास्क तरीही हवाच. सुमारे २२ सेंटिमीटरचा पंख वाकडा निघाल्यास गरम पाण्यात मऊ करून सपाट काचेवर गार होऊ द्यावा.

प्लॅस्टिक किटचे सिमेंट इथे निरुपयोगी आहे, कारण ते पॉलिस्टायरीन, म्हणजे त्या किटचे प्लॅस्टिक, विरघळवून सांधते; रेझिन त्यात विरघळत नाही. खरी कसोटी पंखाखालच्या तिरक्या दांड्यांची: भरीव पंखाचे वजन नुसत्या सुपरग्लूवर न सोडता दांड्यांच्या दोन्ही टोकांत अर्धा मिलिमीटर जाडीची पितळी तार बसवावी आणि सांध्याला इपॉक्सी (सावकाश घट्ट होणारे चिकटद्रव्य) लावावे, म्हणजे ते घट्ट होईपर्यंत समोरून पाहून दोन्ही बाजूंचा कोन जुळवायला सवड मिळते. मागचे चाक शेपटीखाली असल्यामुळे मॉडेल मागे कलंडू नये म्हणून नाकात वजन भरण्याची कटकट मात्र नाही. कबचा ओळखीचा पिवळा रंग पांढऱ्या प्रायमरवरच (रंगाखालच्या पहिल्या थरावर) द्यावा. करड्यावर तो मळकट दिसतो.