खर्च दाखवला, पण काम कुठे आहे?

प्रश्न : आमच्या जिल्ह्याच्या आढावा बैठकीत आरोग्य उपकेंद्रांच्या बांधकामाचा जवळपास सगळा निधी खर्च झाल्याचं सांगितलं. दोन गावांत तर अजून पायाही खोदलेला नाही. मग आकडा खोटा होता का?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : बहुधा खोटा नव्हता, आणि खरी अडचण तीच आहे. सरकारी हिशेबात पैसे कोषागारातून निघाले की ते खर्ची पडतात. जिल्हा नियोजन समितीचा निधी जिल्हा परिषदेकडे वर्ग झाला, की राज्याच्या दप्तरी तो खर्च झाला. जिल्हा परिषदेला मात्र तो वापरायला पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत मुदत असते. म्हणजे 2024-25 मध्ये ‘खर्च’ झालेला रुपया मार्च 2026 पर्यंत बँकेत पडून राहू शकतो, आणि त्यात नियमभंग होत नाही. निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे वर्ष संपताच रद्द होऊ नये, म्हणून मार्चअखेर रक्कम काढून स्वीय प्रपंजी लेख्यात (अधिकाऱ्याच्या नावे असलेल्या ठेव खात्यात) ठेवली, तरी परिणाम तोच.

म्हणून एका टक्केवारीवर समाधान मानू नका. चार आकडे मागा : मंजूर तरतूद, वितरित निधी, कोषागारातून काढलेली रक्कम आणि कंत्राटदाराला प्रत्यक्ष अदा केलेली देयकं. सोबत प्रत्येक कामाच्या प्रशासकीय मान्यतेची, तांत्रिक मान्यतेची आणि कार्यारंभ आदेशाची (कंत्राटदाराला काम सुरू करायला सांगणाऱ्या पत्राची) तारीख घ्या. तिसरा आकडा मोठा आणि चौथा शून्याजवळ असेल, तर पैसा मध्येच थांबला आहे. कुठे थांबला ते या तारखा सांगतात. शंका उरली तर मोजमाप पुस्तिकेतली शेवटची नोंद पाहा. काम किती झालं हे तिथे घनमीटर आणि चौरसमीटरमध्ये लिहिलेलं असतं. केंद्राचं अनुदान असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच वापरल्याचा दाखला, विचारा; आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत ते द्यावं लागतं. ते थकलं असेल, तर पैसा नेमका कशावर गेला हे अनुदान देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

प्रश्न : खर्च न झालेला निधी परत गेला की पुढच्या वर्षी त्या योजनेची तरतूद कापतात. हे बरोबर आहे का?
— एक निवृत्त लेखाधिकारी, सातारा

उत्तर : कारण न शोधता कापणं चूकच आहे, आणि त्याची झळ दुबळ्या तालुक्यांना आधी बसते. बचत कोणत्या उद्दिष्टाखाली, म्हणजे वेतन, अनुदान, बांधकाम अशा खर्चाच्या कोणत्या क्रमांकित प्रकाराखाली झाली ते आधी पाहावं. उदाहरणार्थ अर्थसंकल्पातलं 2210 हे शीर्ष, म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. तिथे 01 वेतनाखाली पैसे उरले असतील तर पदं रिक्त आहेत. ती तरतूद कापली की रिक्त पद भरायला पुढच्या वर्षी पैसाच नसतो, मग पुन्हा ‘मागणी नाही’ म्हणून आणखी कपात. 31 सहायक अनुदानाखाली पैसे उरले, तर मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र अडलं असावं किंवा केंद्राचा हिस्सा उशिरा आला असावा. आरोग्याच्या भांडवली खर्चाच्या 4210 या शीर्षात 53 मोठ्या बांधकामांखाली उरले तर जागेचा ताबा किंवा निविदा पाहा. तिन्ही ठिकाणी ‘बचत’ हाच शब्द छापला जातो, उपाय मात्र तीन वेगळे.

उलट प्रकारही घडतो. मूळ तरतूद संपलेली नसताना पुरवणी मागणी, म्हणजे वर्षाच्या मध्येच जादा तरतूद, मंजूर करून घेतली जाते, आणि वर्षअखेर मूळ आणि पुरवणी दोन्हींतले पैसे शिल्लक राहतात. विनियोजन लेख्यांवरच्या (मंजूर तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या वार्षिक ताळ्यावरच्या) शेऱ्यांत ही तक्रार वारंवार दिसते. अशा विभागाची खर्चाची अंदाजपद्धत तपासावी. कपातीचा खरा विषय तो आहे.

यात वेळेला फार महत्त्व आहे. चारमाही आणि आठमाही सुधारित अंदाजांच्या वेळी विभागांना आकडे पुन्हा मांडावेच लागतात. राज्याचा अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये येतो, पण आकडे त्याआधी हिवाळ्यातच ठरत जातात. योजनेचा आढावा डिसेंबरच्या आत हाती आला तर तरतूद बदलते. फेब्रुवारीत आलेला उत्तम अहवालही फायलीला जोडण्यापुरता उरतो.

प्रश्न : कॅगच्या अहवालानंतर धोरण खरंच बदलतं का?
— एक विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : कधी कधी, आणि उशिराने. राज्यघटनेच्या कलम 151 नुसार कॅगचा, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, राज्याच्या लेख्यांवरचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि ते तो विधिमंडळापुढे ठेवायला लावतात. पुढे आमदारांची लोकलेखा समिती त्यातले काही परिच्छेद निवडते, सचिवांची साक्ष घेते, शिफारस करते. विभाग कार्यवाहीचा अहवाल देतो. यात वर्षं जातात. तोवर योजना बदललेली किंवा बंद झालेली असते. जाब विचारायला ही व्यवस्था हवीच, पण तिच्याकडून पुढच्या अर्थसंकल्पाची दिशा मिळेल अशी अपेक्षा करू नये.

त्यासाठी पैसे देण्याआधीचा आढावा लागतो. नेदरलँड्सने 1981 पासून खर्चाचा असा फेरविचार सुरू केला, ब्रिटनने 1998 मध्ये सर्व खात्यांचा एकत्र आढावा घेतला. आपल्याकडे केंद्राने 2016 पासून योजनांना समाप्तीची तारीख बंधनकारक केली. मुदतीपुढे योजना चालवायची तर मूल्यमापन आणि नव्याने मंजुरी लागते. 500 कोटी रुपये किंवा त्याहून मोठी योजना मंजुरीआधी तपासणीसाठी केंद्राच्या व्यय वित्त समितीपुढे जाते. कल्पना चांगली आहे. पण मूल्यमापन करणारी संस्था योजना चालवणाऱ्या विभागानेच नेमली आणि लाभार्थ्यांची यादीही त्याच विभागाने दिली, तर ज्यांना लाभ पोहोचलाच नाही ते नमुन्यातून बाहेर राहतात. मूल्यमापन अहवाल हाती आला की आधी निष्कर्ष वाचू नका; नमुना कोणी आणि कोणत्या यादीतून निवडला ते पान उघडा.

प्रश्न : आमच्या गटाला एका योजनेचा तीन वर्षांचा अभ्यास करायचा आहे. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : योजनेचं पूर्ण लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातला तिचा सांकेतिक क्रमांक, मिळवा; नावं बदलतात, क्रमांक सहसा टिकतात. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात त्यापुढे आदल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ आणि सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असतो. त्यामुळे तीन वर्षांच्या प्रत्यक्ष खर्चासाठी तीन पुस्तकं लागतील. वितरण आणि खर्च ‘बीम्स’ या राज्य सरकारच्या ऑनलाइन अर्थसंकल्प प्रणालीवर लेखाशीर्षनिहाय पाहता येतो. मार्चचा वाटा वेगळा काढा : केंद्राने आपल्या विभागांना शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या तरतुदीच्या 33 टक्के आणि एकट्या मार्चमध्ये 15 टक्के अशी खर्चाची मर्यादा घातली आहे, तुलनेला ती उपयोगी पडते. महागाई वजा केल्याशिवाय ‘तरतूद वाढली’ असं लिहू नका. आणि खर्चाला लाभार्थ्यांच्या संख्येने भागताना, वर्षभर लाभ घेतलेला आणि एकदाच नाव लागलेला माणूस एकाच यादीत धरलेला नाही ना, हे नोंदवही उघडून तपासा.