फिनलंडच्या जंगलात झाडांवर दाढीसारखं काय लोंबत असतं? त्याने झाड मरतं का?

तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत: तुम्ही पाठवलेल्या फोटोत झाडांवर दिसतं ते नेमकं काय, तो रोग आहे का, मॉस उत्तर बाजूलाच उगवतं हे खरं का, आणि सहलीला गेल्यावर थोडं सोबत आणलं तर चालेल का. वनस्पतिशास्त्र शिकत असताना मी त्या भागात बराच भटकलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फांद्यांवरून लोंबणारी दाढी म्हणजे लायकेन, पाठ्यपुस्तकातलं शैवाक. फिकट हिरवी दिसली तर बहुधा अलेक्टोरिया किंवा उस्निया, काळपट तपकिरी आणि केसांसारखी बारीक असली तर ब्रायोरिया. बुंध्यापाशी जो गर्द हिरवा, मऊ थर असतो ते मॉस. मॉस ही सरळसोट वनस्पती आहे. लायकेन मात्र एक जीव नव्हेच. बुरशी आणि तिच्या आत राहणारं शैवाल (काही जातींत सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर अन्न बनवणारे जिवाणू) यांचा तो एकत्र संसार आहे. स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेंडेनरने १८६७ मध्ये हे मांडलं, तेव्हा लायकेनच्या भल्याभल्या अभ्यासकांनी त्याला उडवून लावलं होतं.

यातलं कोणीही झाड खात नाही. बांडगूळ फांदीच्या आत शिरून रस ओढतं, तसं इथे काही नाही. लायकेनला मुळंच नसतात. धरून राहण्यापुरते धागे असतात आणि ते सालीच्या वरच्या मेलेल्या थरातच अडकतात. पाणी पावसाचं, धुक्याचं. क्षार धुळीतून आणि खोडावरून ओघळणाऱ्या पाण्यातून. साखर आतलं शैवाल उन्हावर बनवतं.

मग मेलेल्या फांद्यांवरच ते जास्त का दिसतं? कारण क्रम उलटा आहे. स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडाच्या खालच्या फांद्या सावलीत आपोआप वाळतात, सुया गळतात, जागा आणि उजेड मोकळा होतो, आणि मग लायकेन तिथे पसरतं. फांदी आधी मेलेली असते, आळ मागून आलेल्यावर येतो.

मला विचाराल तर गंमत दाढीत नाही, सालीत आहे. स्प्रूस आणि पाइनची साल चांगलीच आम्लधर्मी असते, अ‍ॅस्पेनची बरीच कमी. त्यामुळे शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या स्प्रूस आणि अ‍ॅस्पेनवर वेगळीच वस्ती भेटते. जुन्या अ‍ॅस्पेनवर नशिबात असेल तर लोबारिया पल्मोनारिया हे लायकेन दिसेल: तळहातापेक्षा मोठी पानं, वर फुफ्फुसासारखी उंचवट्यांची जाळी. कोरडं असताना चामड्यासारखं तपकिरी, पाऊस पडला की काही मिनिटांत झगझगीत हिरवं. बाटलीतलं थोडं पाणी शिंपडून बघा, काढायची गरज नाही. त्याच्या आत शैवालाबरोबर नॉस्टॉक हा सायनोबॅक्टेरियाही असतो. तो हवेतला नायट्रोजन बांधून घेतो, आणि लायकेन गळून कुजलं की तो जमिनीला मिळतो. म्हणजे झाडाचं नुकसान सोडाच, थोडा फायदाच.

फिनलंडच्या उत्तरेला लॅपलँडपर्यंत गेलात तर बर्चची खोडं नीट पाहा. खोडावर ठरावीक उंचीला एक रेघ दिसते. रेघेच्या वर मेलानोहालिया ओलिव्हासिया नावाच्या लायकेनचे काळपट तपकिरी चट्टे, खाली ते जवळजवळ नाहीतच; त्याऐवजी पार्मेलिऑप्सिस अँबिग्वाचे पिवळट हिरवे, खोडाला घट्ट चिकटलेले छोटे ठिपके. ही हिवाळ्यातल्या बर्फाची उंची आहे. बर्फाखाली कित्येक महिने अंधार आणि ओल. पहिल्याला ते सोसत नाही, दुसऱ्याला चालतं. भर जुलैमध्ये उभं राहून हिवाळ्यात तिथे साधारण किती बर्फ साचतो ते खोडावर वाचता येतं. आसपासच्या झाडांवर रेघ एकाच पातळीत जाताना दिसली की मला अजूनही मजा वाटते.

दाढीवर पोट असलेलंही कोणी आहे. रेनडिअर हिवाळ्यात बर्फ उकरून जमिनीवरचं लायकेन खातात. बर्फ वितळून परत गोठला आणि वर कडक कवच आलं, की त्यांना उकरता येत नाही. मग झाडांवरच्या दाढीचा आधार. रेनडिअर पाळणारे तिथले मूळ रहिवासी सामी लोक पूर्वी अशा वेळी दाढीने लगडलेली झाडं पाडून देत. पण भरघोस दाढी साठायला जुनं जंगल लागतं. व्यापारी जंगलात साधारण शंभर वर्षांच्या आत सरसकट तोड होते, आणि आता कठीण हिवाळ्यात गोळीपेंड विकत आणावी लागते. झाडाला दाढीचा त्रास नाही, दाढीला कुऱ्हाडीचा आहे.

शिवाय हवेचा. पानांवर मेणाचा थर असतो तसा लायकेनवर नसतो. हवेतलं असेल ते सगळं अंगभर शोषलं जातं. सल्फर डायऑक्साइड वाढला की दाढीवाली मंडळी सर्वांत आधी जातात. विल्यम न्युलँडर या फिनिश अभ्यासकाने १८६६ मध्येच पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या लायकेनवरून शहराच्या हवेबद्दल हे लिहून ठेवलं होतं. तेव्हा फोटोतली लांबलचक दाढी म्हणजे आजार नाही, हवा चांगली असल्याची खूण.

मॉस आणि उत्तर दिशा: विसरा. मॉसला ओल हवी, आणि त्या जंगलात ओल सगळीकडे. खोड जरा कललं असेल तर पाणी ज्या अंगाने ओघळतं तिकडे मॉस जास्त, मग ती दिशा कोणतीही असो. वाट चुकलात तर होकायंत्र काढा.

आता आणण्याबद्दल. हात लावायला हरकत नाही. लेथारिया व्हल्पिना हे भडक पिवळं लायकेन मात्र तोंडात घालू नका, स्कँडिनेव्हियात पूर्वी लांडगे-कोल्हे मारायला ते आमिषात मिसळत. बाकी फिनलंडमध्ये कुणाच्याही जंगलात फिरायचा, बेरी आणि अळंबी गोळा करायचा हक्क सगळ्यांना आहे, पण मॉस आणि लायकेन त्यात येत नाहीत. त्यासाठी जमीनमालकाची परवानगी लागते. तेव्हा एखादं छोटं भिंग सोबत न्या आणि तिथेच बघा.