वाचकांचे प्रश्न : स्टिरिओ कॅमेरा, न्यूरल नेटवर्क आणि दहा मीटरवरची चूक

प्रश्न : माझ्या दोन कॅमेऱ्यांत १२ सेंमीची बेसलाइन (दोघांमधलं अंतर) आहे, फोकल लेंग्थ ७०० पिक्सेल. ओपनसीव्ही लायब्ररीतल्या एसजीबीएम या दोन चित्रं जुळवणाऱ्या पद्धतीने एक मीटरवरचं अंतर बरोबर येतं, पण दहा मीटरवर अर्धा-पाऊण मीटर चुकतं. न्यूरल नेटवर्क लावलं तर ही चूक जाईल का?

उत्तर : कमी होईल, जाणार नाही. किती कमी होईल तेही आधीच कागदावर काढता येतं. अंतर म्हणजे फोकल लेंग्थ गुणिले बेसलाइन भागिले डिस्पॅरिटी (एकच बिंदू दोन चित्रांत आडवा किती पिक्सेल सरकलेला दिसतो तो फरक). तुमचा गुणाकार ७०० × ०.१२ = ८४. म्हणजे १ मीटरवरच्या वस्तूची डिस्पॅरिटी ८४ पिक्सेल आणि १० मीटरवरची अवघी ८.४. जुळणीत अर्धा पिक्सेल इकडेतिकडे झाला, तर १ मीटरवर ६ मिलिमीटरचा फरक पडतो, ५ मीटरवर १५ सेंमीचा, १० मीटरवर ६० सेंमीचा. चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नेटवर्कने अर्ध्या पिक्सेलची चूक पाव पिक्सेलवर आणली, तरी १० मीटरवर ३० सेंमी उरतातच. बेसलाइन २४ सेंमी केली तर तेवढाच फायदा जीपीयूशिवाय मिळतो. मात्र मग १ मीटरवरची डिस्पॅरिटी १६८ होते, शोधाची मर्यादा (तपासायची सगळ्यात मोठी डिस्पॅरिटी) १९२ पर्यंत न्यावी लागते आणि एकाच कॅमेऱ्याला दिसणारा भागही वाढतो.

नेटवर्ककडे वळण्याआधी दोन गोष्टी तपासा. एसजीबीएम डिस्पॅरिटी १६ ने गुणून पूर्णांकात देतं. ती आधी फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) बदलून मग १६ ने भागायची. पूर्णांकातच भागाकार केला तर अपूर्णांक गळतो आणि ८ नंतर थेट ९ येतात. तुमच्या मांडणीत ही उडी १०.५ मीटरवरून ९.३३ मीटरवर आहे!

दुसरी गोष्ट म्हणजे चूक कोणत्या दिशेला होते ते. अंतर नेहमी कमीच किंवा नेहमी जास्तच येत असेल, तर दोष बहुधा जुळणीचा नाही, कॅलिब्रेशनचा (कॅमेऱ्यांची मापं आणि एकमेकांतली मांडणी ठरवण्याचा) आहे. एक कॅमेरा उभ्या अक्षाभोवती ०.०५ अंश जरी फिरला, तरी सगळी डिस्पॅरिटी ०.६ पिक्सेलने सरकते आणि १० मीटरची वस्तू ९.३३ किंवा १०.७७ मीटरवर दिसते. माउंटचा एक स्क्रू सैल झाला तरी एवढं होतं. टेपने मोजून २, ४, ६, ८ आणि १० मीटरवर खडबडीत पोताचा फलक ठेवा आणि मिळालेल्या डिस्पॅरिटीतून ८४ भागिले खरं अंतर वजा करा. उत्तर सगळीकडे जवळपास सारखंच आलं, तर तेवढी संख्या वजा केली की काम भागतं. चित्रं जशी मिळतील तशी नेटवर्क जुळवतं, त्यामुळे ही चूक ते इमानेइतबारे पुढे पोहोचवतं.

प्रश्न : राफ्ट-स्टिरिओ या स्टिरिओ नेटवर्कचं तयार मॉडेल नमुन्याच्या चित्रांवर झकास चालतं, आमच्या चित्रांवर मात्र डेप्थ मॅपमध्ये (अंतराच्या नकाशात) लाटा आणि डाग येतात. मॉडेल पुन्हा ट्रेन करावं का?

उत्तर : इतक्यात नको. २०२१ सालचं हे नेटवर्क डाव्या चित्रातल्या पिक्सेलचा जोडीदार उजव्या चित्रात त्याच आडव्या ओळीत शोधतं. ओळी वरखाली झाल्या की खरा जोडीदार त्याच्या नजरेबाहेर जातो. रेक्टिफाय केलेल्या (म्हणजे आडव्या ओळी जुळवून घेतलेल्या) जोडीवर ओआरबी किंवा सिफ्ट या बिंदू जुळवणाऱ्या पद्धतींनी काही शे बिंदू जुळवा आणि त्यांच्या उभ्या स्थानांमधला फरक काढा. मध्यक अर्ध्या पिक्सेलच्या आत हवा. चारही कोपऱ्यांचे मध्यक वेगवेगळे पाहा, कारण कॅलिब्रेशनच्या वेळी चेकरबोर्ड (काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फलक) चित्राच्या कडांपर्यंत नेला नसेल तर मध्यभाग छान जुळतो आणि कोपरे २–३ पिक्सेलने सुटतात. अशा वेळी बोर्ड तिरका धरून, कडाकोपऱ्यांत नेऊन, २५–३० जोड्या पुन्हा घ्या.

कॅमेरे हलत असतील तर दोन्ही शटर एकाच क्षणी उघडतात का, तेही बघा. कॅमेरा सेकंदाला ३० अंश वळत असताना १० मिलिसेकंदांचा फरक पडला, तर चित्र साधारण ३.७ पिक्सेलने सरकतं. हार्डवेअर ट्रिगर (दोन्ही कॅमेऱ्यांना तारेने एकच इशारा) आणि ग्लोबल शटर (सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारं) यांना इथे पर्याय नाही.

किरकोळ वाटणाऱ्या पण तासन्‌तास खाणाऱ्या चुका म्हणजे डावं-उजवं उलट देणं, लांबी-रुंदी ३२ च्या पटीत न आणणं आणि हे नेटवर्क डिस्पॅरिटी ऋण चिन्हाने देतं हे विसरणं. चित्र निम्मं करून दिलंत तर एक तर डिस्पॅरिटी दुप्पट करा, नाही तर फोकल लेंग्थ निम्मी धरा. दोन्ही केलंत की अंतर खऱ्याच्या निम्मं येतं.

प्रश्न : पीएसएमनेट हे स्टिरिओ नेटवर्क ट्रेन करताना जीपीयूची मेमरी भरते. बॅच (एका वेळी द्यायच्या जोड्या) १ केली तरी निकाल वाईट.

उत्तर : ९६० × ५१२ चं चित्र आणि १९२ ची डिस्पॅरिटी मर्यादा धरली, तर त्याचा कॉस्ट व्हॉल्यूम (प्रत्येक पिक्सेल आणि प्रत्येक शक्य डिस्पॅरिटीची माहिती ठेवणारा तक्ता) २४० × १२८ × ४८ × ६४ एवढा होतो. ३२ बिटांत हे ३७७ एमबी, आणि त्यापुढचे त्रिमिती कन्व्होल्यूशनचे थर त्याच्या अनेक पट मेमरी घेतात. ट्रेनिंगला ५१२ × २५६ चे तुकडे घ्या, हाच व्हॉल्यूम १०० एमबीवर येतो. बॅच १ ठेवायचीच असेल तर बॅच नॉर्मलायझेशनचे (थरांतली मूल्यं बॅचच्या सरासरीने समतोल करण्याचे) आकडे गोठवा. एका चित्रावरून काढलेली सरासरी भरवशाची नसते, निकाल बिघडण्याचं कारण बहुतेक तेच. राफ्ट-स्टिरिओचा व्हॉल्यूम त्याच चित्रासाठी जेमतेम ३० एमबीचा असतो, पिरॅमिड (त्याच्याच लहान होत जाणाऱ्या प्रती) धरूनही दुप्पटीच्या आत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आज पीएसएमनेट धरू नये, असं आमचं स्पष्ट मत.

प्रश्न : आमच्याकडे लायडारसह (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) घेतलेल्या काही शे जोड्या आहेत. एवढ्यावर फाइन-ट्यूनिंग (तयार मॉडेलला पुढे शिकवणं) होतं का?

उत्तर : होतं. किटी २०१५ या रस्त्यावरच्या चित्रांच्या डेटासेटमध्ये ट्रेनिंगच्या जोड्या २०० च आहेत. आधी सीन फ्लोसारख्या कृत्रिम डेटासेटवर (त्यात ३५ हजारांहून जास्त जोड्या) ट्रेनिंग आणि मग या थोड्या खऱ्या चित्रांवर, हाच रुळलेला मार्ग. लर्निंग रेट (एका पावलात नेटवर्क किती बदलतं ते) मूळच्या दहाव्या हिश्शावर आणा आणि प्रत्येक बॅचमध्ये थोडी कृत्रिम चित्रं मिसळत राहा. लायडारचे बिंदू विरळ असतात आणि आकाशावर तर नसतातच. निव्वळ त्यांच्यावर शिकलेलं नेटवर्क चित्राच्या वरच्या भागात वाटेल ते भरतं.

किटीच्या १६ बिटी पीएनजीत डिस्पॅरिटी २५६ ने गुणलेली असते आणि ० म्हणजे तिथे मोजमापच नाही. हे शून्य लॉसमधून (ट्रेनिंगमधल्या चुकीच्या हिशेबातून) वगळलं नाही, तर नेटवर्क सगळं जग अनंतावर ढकलायला शिकतं. चित्राची रुंदी बदलली की डिस्पॅरिटीही त्याच प्रमाणात गुणा. आरशासारखं आडवं उलटवायचं असेल तर दोन्ही चित्रं उलटवून त्यांची अदलाबदल करा, आणि लेबलही (खऱ्या डिस्पॅरिटीचं उत्तर) मूळच्या उजव्या चित्राचं लागेल. ते नसेल तर हा प्रकार सोडून द्या. उजव्या चित्राला मुद्दाम एखादा पिक्सेल वरखाली हलवणं आणि दोन्हींचा उजेड वेगवेगळा बदलणं मात्र जरूर करा.

लायडार कॅमेऱ्यापासून दूर बसवला असेल तर कॅमेऱ्याला न दिसणारे, खांबामागचे बिंदूही तो देतो आणि ते चित्रात खांबावरच पडतात. एसजीबीएमच्या खात्रीच्या उत्तरापासून ३ पिक्सेलहून दूर असलेले बिंदू गाळा. चाचणीसाठी अख्खी चित्रफीत बाजूला ठेवा. एकाच फितीतल्या चौकटी दोन्हीकडे विखुरल्या तर आकडे फसवे येतात.

प्रश्न : वस्तूंच्या कडेला हवेत तरंगणारे बिंदू का येतात? काच आणि आरशाचं काय करावं?

उत्तर : तुमच्या नेटवर्कचं शेवटचं पाऊल सर्व शक्यतांची भारित सरासरी हे असेल, तर कारण तेच. खांब २ मीटरवर, भिंत ८ मीटरवर. ८४ च्या गुणाकाराने डिस्पॅरिटी ४२ आणि १०.५. कडेवरच्या पिक्सेलला दोन्ही निम्मेनिम्मे पटले तर सरासरी २६.२५, म्हणजे ३.२ मीटर, जिथे काहीच नाही. उजव्या चित्राची डिस्पॅरिटीही काढा (दोन्ही चित्रं आडवी उलटवून, अदलाबदल करून द्यायची आणि उत्तर परत उलटवायचं) आणि दोन्हींत १ पिक्सेलपेक्षा जास्त फरक असेल तो बिंदू टाकून द्या. डेप्थ मॅप मोठा करताना बायलिनियर (शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेणारी पद्धत) वापरू नका, नव्याने तेच बिंदू तयार होतील.

आरशात नेटवर्क प्रतिबिंबाचं अंतर मोजतं आणि भूमितीच्या हिशेबाने ते बरोबरच असतं, त्यामुळे वरची तपासणी तिथे बिनबोभाट पास होते. रोबो आरशावर किंवा काचेवर आदळू नये एवढंच हवं असेल, तर पुढच्या बाजूला एक अल्ट्रासॉनिक सेन्सर लावा.